बदली गोली

घोडपदेव, मुंबई ३३
३ नोव्हेंबर २०२५

श्री. देवदत्त विजयकर,
मानद सचिव, पात्रता व तक्रार उपसमिती,
राष्ट्रीय क्लब फुटबॉल परिषद (पश्चिम विभाग), गिरगाव.

सा. न. वि. वि.

मला ओळखलं असेलच. नसेल तर सांगतो. मी कुशाबा धुरी. १९७२ ते ८१ या दहा सीझनमध्ये आपल्या मिलच्या टीमचा, म्हणजे घोडपदेव कामगार क्रीडा मंडळाचा, दुसरा गोली. पहिले गोली तुम्ही. तुम्ही गोलात उभे असायचात तेव्हा डाव्या हाताला बाकड्यावर हिरवा स्वेटर घालून जो बसायचा, तो मी. तुमची डावी बाजू मी आजही गर्दीत ओळखीन. समोरून मात्र फार कमी पाहिलंय.

तुमच्या परिषदेचं पत्र मंडळाला आलं. यंदा लीग आधी की कप आधी, याच वादात अर्धं वर्ष गेलं, मोठमोठ्या क्लबांनी हात वर केले, म्हणून अखिल भारतीय क्लब चषकासाठी रजिस्टरात नाव असलेल्या सगळ्यांना बोलावणं धाडलं आहे. आमचं नाव १९७८ पासून आजीव आहे. अध्यक्ष कोंडीराम परब यांनी तातडीची सभा घेतली आणि भाग घ्यायचा ठराव एकमताने पास झाला. टीमही त्याच सभेत निवडली. मिलच्या पद्धतीप्रमाणे, सिनियॉरिटीने. कोंडीराम सर्वांत सिनियर, वय एकोणऐंशी, म्हणून सेंटर फॉरवर्ड. सर्वांत ज्युनियर सहासष्टचा आहे, त्याला पळायला ठेवलाय.

आता माझं काम. १९७८ च्या यादीत गोली म्हणून तुमचंच नाव आहे आणि माझ्यापुढे "राखीव" लिहिलंय. म्हणजे मी बदली. कायम माणूस गैरहजर असला तरच बदलीला काम, हे मला माहीत आहे. साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, मी चार वर्षं बदलीच होतो, रोज सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभा राहायचो. पण बदलीने दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला कायम करतात, हेही माहीत आहे. बाकड्यावरची माझी हजेरी दोनशे त्रेचाळीस मॅचेस आहे. मंडळाच्या वहीचा उतारा जोडला आहे. तरी मला कायम गोली केल्याचं पत्र मिळावं.

मला एक मॅच खेळायची आहे. एकच. दहा वर्षांत तुम्ही एकदाही आजारी पडला नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही, कौतुकच आहे. पण मी त्र्याहत्तरचा झालो आणि हा सीझन संपला की आजीव नोंदी रद्द होणार म्हणतात.

फोन केला असता. पण टाइम ऑफिसात तुम्हीच शिकवलंत की तोंडी सांगितलेलं हजेरीत चढत नाही.

आपला,
कुशाबा धुरी

---

गिरगाव, मुंबई ४
१० नोव्हेंबर २०२५

श्री. कुशाबा धुरी यांस,

आपले दि. ३ चे पत्र मिळाले. घोडपदेवहून गिरगावात यायला त्याला पाच दिवस लागले. चालत आणून दिले असते तर तासाभरात पोचले असते, परंतु उपसमिती हातोहात आलेले कागद स्वीकारत नाही, त्यामुळे आपण केलेत ते योग्यच केलेत.

आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. दोनशे चाळीस दिवस हे एका वर्षातले असावे लागतात, दहा वर्षांतले नव्हेत. शिवाय ते कामाचे दिवस असावे लागतात. बाकड्यावर बसणे हे काम आहे काय, यावर परिषदेच्या घटनेत काही म्हटलेले नाही आणि दिल्लीला विचारले तर उत्तर यायला पुढचा सीझन उजाडेल.

मात्र निराश होऊ नये. मी पदाधिकारी असल्याने खेळाडू म्हणून गैरहजर आहे. म्हणजे आपण बदलीच राहाल, पण काम मिळेल. खेळाडूंच्या वयाला आम्ही खालची मर्यादा घातली आहे. वरची घालावी हे कोणाच्या लक्षात आले नाही. चेंडू खेळात आला की आपली मॅच लागली, मग ती एक मिनिट चालो की नव्वद. चेंडू खेळात येणे मात्र आवश्यक.

पहिली फेरी रविवार दि. ३० रोजी परळच्या मैदानावर, सकाळी नऊ वाजता. आपला रक्तदाब तपासून घ्यावा.

मी आपल्याला ओळखले. स्वेटर हिरवा नव्हता, पिस्ता रंगाचा होता.

देवदत्त विजयकर
मानद सचिव

---

घोडपदेव
१ डिसेंबर २०२५

श्री. देवदत्तराव,

आम्ही जिंकलो आणि माझं काम झालं नाही.

काल सकाळी सात वाजता सगळी टीम मैदानावर हजर. अंबिकेने, म्हणजे मंडळीने, माझ्या पँटला इस्त्री केली होती. "खेळूक जातास काय लग्नाक?" म्हणून वर विचारलंच. कोंडीरामने मधल्या वर्तुळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. रेफ्री म्हणाला, अंकल, लवकर आटपा. गाऱ्हाणं असं लवकर आटपत नाही. घोडपदेवपासून गावच्या देवळापर्यंत सगळ्या देवांची नावं घेऊन झाली, आम्ही प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" म्हणालो.

मग मी गोलात उभा राहिलो. देवदत्तराव, तिथून मैदान वेगळंच दिसतं हो. बाकड्यावरून बघितलं की सगळं आडवं चाललेलं असतं. गोलातून बघितलं की सगळं आपल्याकडे येणार असं वाटतं.

काहीच आलं नाही. समोरची टीम आलीच नव्हती. रेफ्रीने घड्याळ बघत अर्धा तास काढला, आमच्यातल्या दोघांनी सावलीत डुलकी काढली, आणि साडेनऊला त्याने शिट्टी वाजवून आम्हाला तीन-शून्यने विजयी केलं. समोरच्या क्लबाला म्हणे यंदा प्रायोजकच मिळाला नाही, त्यांनी शनिवारी ईमेल करून माघार घेतली.

लालबागपर्यंत मिरवणूक काढायची हे आधीच ठरलं होतं, ती निघाली. लोक विचारत होते, कोणाला हरवलं? कोंडीराम म्हणाला, आलेच नाहीत घाबरून. तीन गोलांपैकी दोन आपल्या नावावर लावावेत असा त्याचा अर्ज स्वतंत्र येईल.

माझा प्रश्न एवढाच, की मी अर्धा तास गोलात उभा होतो, हे धरलं जाईल का?

कुशाबा

---

गिरगाव
९ डिसेंबर २०२५

श्री. कुशाबा धुरी यांस,

धरले जाणार नाही. चेंडू रेफ्रीच्या काखेत होता. काखेतला चेंडू खेळात नसतो.

अध्यक्षांचा गोलांबाबतचा अर्ज मिळाला. पुढे चाल मिळाल्यावर येणारे गोल कोणीच केलेले नसतात, हे त्यांना समजावून सांगावे. त्यांनी दुसऱ्या गोलाचे वर्णनही जोडले आहे.

दुसरी फेरी रविवार दि. २१ रोजी त्याच मैदानावर. समोरचा संघ मध्य भारतातला असून तो निघाल्याचे मी स्वतः फोन करून पक्के केले आहे. असे फोन करणे माझ्या कामात बसत नाही, तरी केला.

पुढील वेळी गाऱ्हाण्यात समोरच्यांची आगगाडी वेळेवर येण्याचाही उल्लेख असावा.

दे. विजयकर

---

घोडपदेव
२२ डिसेंबर २०२५

देवदत्त,

आता राव-बिव काही लावत नाही.

काल ते आले. सगळे अकरा, वर पाच राखीव, एक मालिशवाला. विशीतली पोरं, मांड्या खांबासारख्या. कोंडीरामने गाऱ्हाण्यात घातलं होतंच, "ह्या तुझ्या लेकरांसमोर आज कोणीतरी उभो रवांदे रे म्हाराजा", आणि देवाने ऐकलं. एक पोरगा वॉर्मअप करताना लांबून असा बॉल मारत होता, की आमचा फुलबॅक गोविंदा बघून बघूनच दमला. मला भीती वाटली. खरं सांगतो, बरंही वाटलं. पन्नास वर्षं ह्या भीतीची वाट बघत होतो.

मग रेफ्रीने खिशातून कागद काढला. तुझी सही. दिवाळीत त्या क्लबाच्या मालकाने क्लब विकला, नव्या मालकाने तो दुसऱ्या राज्यात नेला, नाव बदललं. ड्रॉमध्ये आहे तो क्लब आलाच नाही आणि आला तो क्लब ड्रॉमध्येच नाही, म्हणून घोडपदेवला पुढे चाल. पोरांनी आमच्याबरोबर सेल्फी काढले आणि गाडीत बसून गेली. अकरा माणसं, देवदत्त! दोन पायांवर उभी होती माझ्यासमोर. एका कागदाने परत पाठवलीस.

आधी दहा वर्षं गोलात उभा राहून मला बसवलंस. आता खुर्चीत बसून बसवतोयस. तेव्हा मी म्हणायचो, काय तब्येत आहे बामणाच्या पोरासारखं खाणाऱ्या ह्या पाठारे प्रभूची, सर्दीसुद्धा होत नाही. घरी अंबिकेला कौतुकाने सांगायचो. आता मला शंका यायला लागली आहे. माझ्या खेळण्याचं तुला एवढं वावडं का आहे, ते एकदा लेखी कळव.

कुशाबा

---

गिरगाव
२ जानेवारी २०२६

श्री. कुशाबा धुरी यांस,

आपले दि. २२ चे पत्र तक्रार म्हणून नोंदवून घेतले आहे. उपसमितीचा निर्णय नियमास धरून होता. उपांत्यपूर्व फेरी १८ जानेवारीस व उपांत्य फेरी ८ फेब्रुवारीस आहे. आपल्या माहितीसाठी, नव्या खेळाडूंची नोंदणी दिल्लीने १५ फेब्रुवारीपासून ठेवली आहे. स्पर्धा आधी आणि नोंदणी नंतर, हे कसे झाले ते विचारू नये. मी विचारले होते. परिणामी आपल्या गटात आजमितीस कायदेशीर नोंदणी असलेले खेळाडू फक्त आपल्या मंडळाकडे आहेत. दोन्ही फेऱ्यांत आपण विजयी व्हाल. तसदी घेऊन मैदानावर जाऊ नये.

दे. विजयकर, मानद सचिव

(हा दुसरा कागद उपसमितीचा नाही.)

कुशाबा,

आम्ही प्रभू खातो मासे आणि मटण, बामणाच्या पोरासारखं काही नाही. तेवढं दुरुस्त कर. बाकी तू लिहिलंस ते खरं आहे.

सर्दी व्हायची. एकोणऐंशीच्या फायनलला मला एकशे तीन ताप होता. आईने दाराला आडवा हात लावला होता. मी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतलं, टॅक्सी केली आणि तू बूट बांधून उभा राहायच्या आत मैदानावर पोचलो. तू धावत येऊन माझी पिशवी घेतलीस. म्हणालास, "आलात? मला वाटलं आज काय येत नाय." तुझा चेहरा मी बघितला आणि तरी गोलात जाऊन उभा राहिलो. पहिले दोन गोल मला दिसलेच नाहीत. आपण ती फायनल माझ्यामुळे हरलो. ताप होता हे मी कोणालाच सांगितलं नाही, आज तुला सांगतोय.

अशा चार मॅचेस आहेत. एकदा तर करंगळी मोडलेली होती.

तू माझ्यापेक्षा चांगला गोली होतास. प्रॅक्टिस बघणाऱ्या कोणालाही हे कळलं असतं, पण प्रॅक्टिस बघायला कोणी यायचं नाही. तू एकदा गोलात उभा राहिलास की मला परत कोणी बोलावणार नाही, अशी मला भीती होती. मी टाइम ऑफिसातला, तुम्ही सगळे खात्यातले कामगार. त्या गोलाशिवाय तुमच्यात बसायला मला दुसरी जागा नव्हती.

शेवटच्या निर्णयात मात्र माझी काही लबाडी नाही. तो नियमच होता. विश्वास ठेव अगर ठेवू नको.

देवदत्त

---

घोडपदेव
१६ फेब्रुवारी २०२६

देवदत्त भावोजींस अंबिकेचा नमस्कार.

मी कधी कुणाला पत्र लिहिलं नाही, गावी पण फोनच करते. पण तुमची समिती फोन ऐकत नाही म्हणतात, म्हणून लिहिते.

तुमचं ते दोन कागदांचं पत्र आलं त्या दिवसापासून आमच्या घरात रेडिओ बंद आहे. ह्यांनी ते चार वेळा वाचलं, चष्मा पुसून परत एकदा वाचलं, आणि स्वेटर धुवायला टाकला. मागची पन्नास वर्षं तो स्वेटर मी धुवायला मागत होते, दिला नव्हता. आता धुवून वाळवून ट्रंकेत ठेवलाय. म्हणतात, फायनलला जात नाय. मी विचारलं का? तर म्हणे, "मी समजायचो माझं नशीब फुटकं. नशिबावर रागवता येत नाय, म्हणून बरं चाललं होतं. आता माणूस निघाला."

मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. खरं तर मला हसू आलं. माणूस एकशे तीन ताप घेऊन येतो तो काय मजेने येतो? तुम्हाला आमच्या ह्यांची एवढी भीती वाटायची, हे ऐकून मला तर भरूनच आलं. ते मी ह्यांना सांगितलं पण. पण पुरुष माणसाला बरी गोष्ट कळायला वेळ लागतो.

आता दुसरं. तुमच्या दिल्लीवाल्यांनी फायनल आठ मार्चला ठेवली. ते दिवस शिमग्याचे आहेत. तेव्हा आमच्याकडे गावी पालखी घरोघरी फिरते, चाळीत कुलपं लागतात. टीममधले बहुतेक गाड्यांची तिकिटं काढून बसले आहेत. कोंडीरामभावोजींनी सभा घेतली की देश मोठा की पालखी. पालखीला सात मतं पडली. राहणारे सहा, त्यात हे धरले तर. मीच ह्यांना सांगितलं की यंदा गावी आपण जायचं नाही, माझे पाय दुखतात. माझे पाय दुखत नाहीत.

सहा जणांत फुटबॉल होतो का ते मला माहीत नाही. तुम्ही नियमवाले. काय ते बघा.

सौ. अंबिका कुशाबा धुरी

---

गिरगाव
२३ फेब्रुवारी २०२६

कुशाबा,

सहा जणांत होत नाही. सात लागतात. साताखाली संघ गेला की मॅच सुरू होत नाही, आणि सुरू असली तर थांबते.

समोरचा संघ दक्षिणेकडचा आहे. तो येणार आहे. त्यांचा क्लब विकलेला नाही, प्रायोजक पळालेला नाही, नोंदणी झालेली आहे. मी सगळे कागद तीन वेळा तपासले आणि एकही चूक निघाली नाही. एवढ्या वर्षांत चूक निघाली नाही म्हणून मला आनंद झाल्याचं आठवत नाही.

रागावलास ते ठीकच आहे. राग धरून गोलात उभं राहता येतं. मी तर ताप घेऊन राहिलोय.

मी आजच परिषदेला राजीनामा पाठवला आहे, स्पीड पोस्टाने. आठ तारखेला, रविवारी, नऊला परळला ये.

देवदत्त

---

घोडपदेव
१० मार्च २०२६

देवदत्त,

मॅच तुझ्यासमोरच झाली, तरी मी लिहितोय. कारण लिहिल्याशिवाय मला ती झाली असं वाटत नाही.

मी येणार नव्हतो. अंबिकेने सकाळी ट्रंक उघडून स्वेटर काढला, कॉटवर ठेवला आणि शेजारणीकडे निघून गेली. तासभर मी आणि स्वेटर. शेवटी घातला. धुतल्यामुळे आटलाय, कोपरापर्यंतच बाह्या येतात. आणि ऐक, तो पिस्ता रंगाचाच आहे. पन्नास वर्षं धुतला नाही म्हणून हिरवा वाटत होता.

तू हाफपँटीत मैदानावर आलास तेव्हा मी प्रथम ओळखलंच नाही, समोरून आलास ना. राजीनामा दिलेला माणूस, १९७८ च्या यादीत नाव, सातवा खेळाडू म्हणून हजर. रेफ्री खूश झाला. पण कोंडीराम कोंडीरामच. म्हणाला, कायम गोली हजर झाला, आता बदलीने गोल सोडावा, मिलचा कायदा आहे. तिथेच त्याने सभा लावली. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. दक्षिणेकडची पोरं कमरेवर हात ठेवून बघत होती, त्यांचा कोच दुभाष्याला विचारत होता की हे राष्ट्रगीत आहे का.

आणि मग तू खिशातून पेन काढलंस. रेफ्रीच्या पाठीवर कागद ठेवून रजेचा अर्ज लिहिलास. "आज गोलीच्या कामावर हजर राहू शकत नाही. बदली माणसाला काम द्यावे." कारण म्हणून "भीती" असं लिहिलंस. कोंडीरामने वाचून मंजूर केला. देवदत्त, तो अर्ज मी मागून घेतलाय. मंडळाच्या फायलीत जाणार नाही, माझ्याकडे राहील. आपलं मिटलं, एवढंच लिहितो, जास्त लिहिलं की पाणी येतं डोळ्यांत.

मग चेंडू खेळात आला. अकराव्या सेकंदाला माझ्या मागे जाळ्यात होता.

अडतीस मिनिटांत चौदा गोल. अंबिका मोजत होती, मी नाही. मी फक्त बघत होतो की बॉल माझ्याकडे येतोय. दहा वर्षांत एकदा आला नाही, आणि रविवारी पोरं रांग लावून घेऊन येत होती. प्रत्येक गोलानंतर "सॉरी अंकल" म्हणत होती. मी म्हणालो, सॉरी कशाला, या परत.

कोंडीराम बुटाची नाडी बांधायला वर्तुळात खाली बसला तो उठलाच नाही. गुडघा अडकला. सहा उरले, शिट्टी झाली. आपण देशात दुसरे. कोंडीरामला खुर्चीत बसवून मिरवणूक चिंचपोकळीपर्यंत नेली, तो अजून म्हणतोय की पाय चालला असता तर आपण बरोबरी केली असती.

आता ज्यासाठी लिहितोय ते. एकतिसावं मिनिट. बॉल तुझ्याकडे आला, तू आपल्याच गोलाकडे तोंड करून होतास, आणि तिथून तू मारलास. डाव्या वरच्या कोपऱ्यात. मी कसा गेलो मला माहीत नाही, ह्या वयात माणूस पलंगावरून उडी मारत नाही. बोटं लागली, बॉल खांबावरून बाहेर गेला. माझा एकच बॉल अडला, तो हा.

काल रेफ्रीच्या रिपोर्टाची नक्कल आली. त्यात लिहिलंय, "३१ व्या मिनिटाला गोलीने सहकाऱ्याने मारलेला चेंडू हाताने अडवला. सहकाऱ्याने तो मुद्दाम गोलीकडे दिला असल्यास नियमभंग, अन्यथा बचाव. हेतू अस्पष्ट. खेळाडू दे. विजयकर यांचा लेखी खुलासा घ्यावा." सीझनअखेर रजिस्टर बंद होतंय, त्यात माझ्या नावापुढे "बचाव १" लागणार की "फाउल १", हे तुझ्या खुलाशावर आहे.

तू भला माणूस आहेस. रजेचा अर्ज लिहिलास, त्याच भलेपणाने म्हाताऱ्याला एक बॉल हातात द्यावा असं तुझ्या मनात आलं असेल, तर तसं लिही. फाउल लागला तर लागू दे. मॅच मिळाली, ती कोणी काढून घेत नाही. पण मला खरं कळू दे. मला दिलास का?

कुशाबा

---

गिरगाव
१४ मार्च २०२६

कुशाबा,

खुलासा आजच परिषदेला पाठवला. तिथे पात्रता व तक्रार उपसमितीचा सचिव नाही, मीच होतो, त्यामुळे तो कोणी उघडेल की नाही ठाऊक नाही. त्याची नक्कल तुझ्याकडे असावी म्हणून हे पत्र.

"मी, देवदत्त विजयकर, वय चौऱ्याहत्तर, लिहून देतो की एकतिसाव्या मिनिटाला चेंडू माझ्या पायाशी आला तेव्हा मी मान वर केली. समोर गोल होता आणि गोलात कुशाबा धुरी उभा होता. पिस्ता स्वेटर, दोन्ही हात पुढे, उजव्या पायावर थोडा भार. मी कोणाच्या बाजूने खेळतोय याचा मला पूर्ण विसर पडला. मला एवढंच दिसलं की तो अखेर गोलात आहे, आणि मी त्याला हरवू शकतो का, हे कळायची ही एकच वेळ आहे. डावा वरचा कोपरा मोकळा होता. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी मारला. त्यानंतर दोन दिवस मला मांडी हलवता आली नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे.

चेंडू मी गोलीला दिला नव्हता. गोलीला चुकवून मारला होता. त्याने तो अडवला."

देवदत्त